घाट उतरताना गिअर कुठला?

(चतुर्थीच्या आधी मंडळाच्या सभागृहात झालेल्या बोलण्याचा मजकूर. सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेत देत आहोत.)



गाडीच्या गिअरवर बोलायचं असं आम्ही सुचवलं तेव्हा कार्यकारिणीत थोडी हशा पिकली. "गणपतीच्या तोंडावर हा काय विषय?" असं एका तात्यांनी विचारलंही. आमचं उत्तर असं की, हा विषय गणपतीच्या तोंडावरचाच आहे. चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत बेळगावातल्या किती गाड्या पश्चिमेकडं तोंड करून निघतात ते बघा. कुणाचं मूळ घर सावंतवाडीकडं, कुणाचं पेडण्यात, कुणाचं डिचोलीत, कुणाचं कुलदैवत फोंड्याच्या बाजूला. आपण पिढ्यान्‌पिढ्या राहतो ते समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवरच्या पठारावर, आणि आपला गणपती बसतो खाली. मध्ये सह्याद्री. आंबोली, चोर्ला, अनमोड, नाहीतर तिलारी, यांतला एक घाट उतरल्याशिवाय आरतीला पोचता येत नाही. तेही भाद्रपदात, म्हणजे पाऊस, धुकं आणि ओला रस्ता धरूनच.

आम्ही म्हणजे मंडळातले चार-पाच जण. वर्षानुवर्षं हे घाट चढतो-उतरतो. त्यातल्या दोघांची हयात गाड्यांच्या दुरुस्तीत गेली. बोलतोय एक, पण म्हणणं सगळ्यांचं आहे.

चोर्ला उतरून केरीला पोचलात की रस्त्याच्या कडेला थांबून एकदा वास घ्या. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तिथं मातीचा, पावसाचा वास येतो आणि त्यात एक जळका, करपट वास मिसळलेला असतो. ब्रेक लायनरचा. घाटभर पाय ब्रेकवर ठेवून उतरलेल्या गाड्यांचा तो वास. अशा गाडीच्या चाकाजवळ हात नेला तरी धग लागते. गाडीतली मंडळी मात्र चहा पीत असतात, कारण पोचलो म्हणजे सगळं ठीक. त्या दिवशी ठीक असतं. पण त्या गाडीला आणखी दोन किलोमीटर उतार असता तर काय झालं असतं, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

थोडा हिशेब मांडू. शाळेतलं शास्त्र आहे, घाबरू नका. गाडी, पाच माणसं, डिकीतलं सामान आणि वरचं कॅरिअर मिळून १३०० किलो धरा. घाटात ती ५०० मीटर खाली येते असं धरा. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते, ती सुमारे ६३ लाख ज्यूल. म्हणजे किती? साधं वीस लिटर पाणी उकळीला येईल एवढी. आंघोळीचा मोठा बंब डोळ्यांसमोर आणा. त्यातली थोडी वाऱ्यात आणि टायरमध्ये जाते. बाकीची कुठंतरी जिरवायला लागते, आणि गाडीत ती जिरवायच्या जागा दोनच: ब्रेक आणि इंजिन. ब्रेक म्हणजे पुढच्या दोन चकत्या आणि मागचे दोन ड्रम. इंजिनाला थंड ठेवायला रेडिएटर आहे, पाणी आहे, पंखा आहे, शिवाय ते स्वतःच भलंमोठं धूड आहे. अंगावर घ्यायची ताकद कुणाची जास्त हे सांगायला नको. तरी आपण सगळा भार त्या बिचाऱ्या चकत्यांवर टाकतो.

ब्रेक तापले म्हणजे नेमकं काय होतं? दोन गोष्टी, आणि दोन्ही वेगळ्या आहेत. पहिली, पॅड आणि लायनर यांची पकड एका मर्यादेपलीकडं तापल्यावर कमी होते. पाय कडक लागतो, पॅडल जागेवर असतं, पण गाडी थांबत नाही. दुसरी गोष्ट जास्त वाईट. ब्रेकच्या नळ्यांत जे तेल असतं, ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो, ते हवेतला ओलावा शोषून घेतं. नवं डॉट-३ तेल २०५ अंशांच्या खाली उकळत नाही. पण पाणी शोषलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट-४ ला २३० आणि १५५. तेल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. मग पॅडल स्पंजासारखं मऊ होऊन तळाला जातं आणि चाकांपर्यंत काहीच पोचत नाही. आपल्याकडं चार महिने पाऊस. गॅरेजात आमच्याकडं येणाऱ्या किती गाड्यांचं ब्रेक ऑइल पाच-पाच वर्षं बदललेलं नसायचं ते सांगितलं तर तुम्ही उद्यापासून बसने जाल. दोन वर्षांनी बदलायला सांगतात ते उगाच नाही.

आता इंजिनाकडं येऊ. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गाडी गिअरमध्येच ठेवली, तर चाकं इंजिनाला फिरवायला लागतात. एरवी इंजिन चाकांना ओढतं, आता चाकं इंजिनाला ओढतात. पेट्रोलच्या इंजिनात त्या वेळी हवा आत घ्यायची झडप जवळजवळ बंद असते. पिस्टन बंद तोंडातून हवा ओढायला बघतो आणि दमतो. त्या दमण्याचाच आपल्याला ब्रेक म्हणून उपयोग. गिअर जेवढा खालचा, तेवढे इंजिनाचे फेरे जास्त, तेवढा हा ब्रेक जोरदार. पाचव्यात तो जाणवतही नाही. तिसऱ्यात जाणवतो. दुसऱ्यात गाडी मागून कुणी धरून ठेवल्यासारखी येते. ट्रकवाल्यांना एवढ्यानं भागत नाही म्हणून त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर एक्झॉस्ट ब्रेक असतो. घाटात मोठी गाडी फुसफुसत उतरताना ऐकली असेल, तो त्याचाच आवाज.

म्हणून जुन्या ड्रायव्हरांचा एक साधा नियम आहे. ज्या गिअरात हा चढ चढला असता, त्याच गिअरात तो उतरायचा. आंबोलीचा जो टप्पा तुमची गाडी दुसऱ्यात चढते, तो दुसऱ्यातच उतरा. तिलारीसारख्या अंगावर येणाऱ्या उताराला काही वळणांवर पहिलाही लागतो, त्यात कमीपणा काही नाही. आणि हा गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा. हे आम्ही आज दहा वेळा सांगणार आहोत. घाटाची पाटी दिसली, रस्ता अजून सपाट आहे, गाडी तुमच्या हातात आहे, तेव्हाच. कणकुंबी मागं टाकून पुढं गेलात की मनात म्हणायचं, आता गिअर. उतारावर गाडी धावायला लागल्यावर गिअर शोधणं म्हणजे घराला आग लागल्यावर विहीर खणणं.

आता गिअर खाली टाकायचा कसा. तरुण मंडळी यासाठीच आलीत असं दिसतंय, कारण मघापासून मागची रांग मोबाइल खाली ठेवून बसली आहे.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात ते एवढंच: क्लच दाबा, दांडा ओढा, क्लच सोडा. सपाट रस्त्यावर, वेग कमी झाल्यावर, ते चालतं. उतारावर तसं केलं की गाडी गचका देते, सगळ्यांच्या माना पुढं जातात आणि मागून आक्का ओरडतात, "अरे हळू की!" हा गचका का बसतो ते समजलं की निम्मं शिक्षण झालं.

समजा तुम्ही तिसऱ्यात आहात आणि इंजिनाचे मिनिटाला २००० फेरे आहेत. वेग तोच ठेवून दुसरा टाकला तर त्याच वेगाला इंजिनाला साधारण ३००० फेरे लागतात. बहुतेक छोट्या गाड्यांत तिसऱ्या-दुसऱ्यातला फरक दीडपटीच्या आसपास असतो. पण तुम्ही क्लच दाबलात, ॲक्सिलरेटरवरून पाय काढलात, तेवढ्या वेळात इंजिन पडलं हजारावर. आता क्लच सोडलात की एका बाजूला हजार आणि दुसऱ्या बाजूला तीन हजार. मधले दोन हजार फेरे कुणी भरून काढायचे? चाकांनी. गाडीचा वेग खाऊन इंजिन वर ओढलं जातं. तोच गचका. क्लच अगदी हळू सोडलात तर गचका बसत नाही, पण मग तो फरक क्लचप्लेट घासून भरून काढते, आणि त्याचं बिल दिवाळीपर्यंत येतं.

उपाय सोपा आहे. मधले फेरे तुम्हीच भरा. क्लच दाबलेला असताना ॲक्सिलरेटरला एक हलका टोला द्यायचा, ज्याला आपण रेस देणं म्हणतो. इंजिन वर चढतं, तेवढ्यात दांडा दुसऱ्यात आणि क्लच वर. दोन्ही बाजू जवळजवळ एकाच वेगाने फिरत असल्या की जोडणी लोण्यासारखी होते. मागच्या सीटवर झोपलेल्याला कळत नाही की गिअर बदलला. हीच परीक्षा. रेस किती द्यायची हे आकड्यानं सांगता येत नाही, कानानं शिकायचं. कमी पडली तर गाडी पुढून अडते, जास्त झाली तर ती पुढं उसळते. आठ-दहा वेळा केलं की पायाला कळतं.

ब्रेकचं काय? क्रम असा ठेवा. आधी ब्रेकनं वेग कमी करा, खालच्या गिअरला शोभेल इतका. मग ब्रेकवरून पाय काढून रेस द्या, गिअर टाका, क्लच सोडा. यात अर्धा सेकंद ब्रेक सुटतो. वेग आधीच काढलेला असला की त्या अर्ध्या सेकंदानं काही बिघडत नाही. शर्यतीतले लोक हा अर्धा सेकंदही सोडत नाहीत. ते उजव्या पायाच्या पंजानं ब्रेक धरून त्याच पायाच्या कडेनं किंवा टाचेनं रेस देतात. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ बघून आपल्या काही तरुणांनी तो प्रयोग सुरू केलाय असं कानावर आलं. कौशल्य आहे, वाद नाही. पण घरच्या गाडीत, पायात चप्पल, मागं आजी, मांडीवर मोदकाचं भांडं, अशा वेळी त्याची काही गरज नाही. ब्रेकचा दाब कमी-जास्त झाला तर त्या अर्ध्या सेकंदाच्या नादात भलतंच व्हायचं. चप्पल वरून आठवलं, घाटात सैल चप्पल घालून गाडी चालवू नका. आणि परत येताना नारळ सीटखाली ठेवू नका. डिकीत ठेवा, पोत्याचं तोंड बांधून. ड्रायव्हरच्या पायाशी घरंगळत आलेला नारळ ब्रेकच्या पॅडलखाली अडकला की गिअरचं सगळं शास्त्र नारळाच्या हातात जातं.

ज्येष्ठांपैकी काहींनी हे बोलणं ऐकून मान डोलावली, कारण त्यांनी याच्याही पुढचं केलं आहे. फियाट आणि ॲम्बॅसडर चालवलेली माणसं आहेत इथं. त्या गाड्यांच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरला सिंक्रोमेश होतं, पहिल्याला नव्हतं. सिंक्रोमेश म्हणजे गिअरबॉक्सच्या पोटातली पितळी कडी. दोन दाते एकमेकांत शिरायच्या आधी ती घासून त्यांचा वेग सारखा करते. पहिल्याला ही सोय नाही म्हटल्यावर गाडी चालती असताना पहिला टाकायला गेलं की खर्रर आवाज. त्यावर इलाज डबल क्लच. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, परत क्लच दाबून पहिला. हे सगळं एका श्वासात, चढावर गाडी मागं यायच्या आत. जुने ट्रक ड्रायव्हर तर प्रत्येक गिअरला असं करायचे आणि एका हातानं विडी शिलगावायचे. आजच्या गाड्यांना डबल क्लचची गरज उरली नाही, सगळ्या पुढच्या गिअरांना ती कडी असते. पण लक्षात घ्या, कडी गिअरबॉक्सच्या आतला वेग जुळवते. इंजिनाचा वेग ती जुळवत नाही, तो तुमच्या पायालाच जुळवावा लागतो.

आता एका नाजूक विषयाला हात घालतो. न्यूट्रल.

आपल्या घराघरांत मागच्या सीटवर एक काका किंवा मामा असतात. उतार लागला की ते म्हणणार, "न्यूट्रल कर की रे, कशाला पेट्रोल जाळालायस?" काकांचा मान ठेवून सांगतो, हे ऐकू नका. त्यांची काटकसर खरी होती. पेट्रोल महाग, पगार तुटपुंजा, आणि गाडी कार्बोरेटरची. कार्बोरेटरमध्ये पाय काढून गिअरात उतरलं तरी इंजिन थोडं पेट्रोल ओढतच राहायचं. त्यामुळं त्यांच्या हिशेबात काहीतरी तथ्य होतं, जीव धोक्यात घालण्याइतकं नसलं तरी. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत उलटं आहे. गाडी गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवर पाय नाही आणि फेरे पुरेसे वर, असं दिसलं की संगणक इंधन पूर्ण तोडतो. इंजिन चाकांच्या जोरावर फुकट फिरतं. न्यूट्रल केलंत की इंजिनाला स्वतःच्या पायावर चालू राहायला पेट्रोल प्यावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये ब्रेकही जातो आणि पेट्रोलही. काकांना हे शांतपणे, घाट लागायच्या आधी, चहाच्या टपरीवर समजावून सांगा. उतारावर वाद नको.

किल्ली बंद करून उतरणारे महाभागही आम्ही बघितले आहेत. इंजिन बंद झालं की ब्रेकला मदत करणारी पोकळी दोन-तीन दाबांत संपते, पॅडल दगडासारखं होतं, स्टिअरिंग जड होतं. आणि किल्ली बाहेर काढली तर स्टिअरिंग कुलूपबंद होऊ शकतं. यावर जास्त बोलत नाही.

खालचा गिअर टाकला की इंजिन ओरडतं आणि बरेच जण त्या आवाजाला भिऊन परत वरचा टाकतात. विशेषतः नव्यानं शिकलेल्या भगिनी आम्हाला हे विचारतात, की इंजिन खराब होणार नाही ना? नाही होणार. साधारण पेट्रोल गाडीच्या फेऱ्यांच्या काट्यावर तांबडा पट्टा ६००० च्या आसपास सुरू होतो, डिझेलला ४५०० च्या आसपास. घाटात दुसऱ्यात तीन, साडेतीन हजार फेरे म्हणजे इंजिनाला चालायला गेल्यासारखं आहे. भीती बाळगायची ती वेगळ्या गोष्टीची. पाचव्यात ऐंशीच्या वेगाने जाताना गडबडीत चौथ्याऐवजी दुसरा पडला आणि क्लच सोडला, तर चाकं इंजिनाला तांबड्या पट्ट्याच्या पार नेऊन फेकतात. जास्त फेरे झाले तर संगणक इंधन तोडतो, पण इथं फिरवणारं इंधन नाही, चाकं आहेत, तिथं संगणक हतबल. व्हॉल्व्ह पिस्टनला आपटले की इंजिन उघडावंच लागतं. म्हणून वेग आधी कमी, मग गिअर. वेग कमी केलेला असेल तर चौथ्यातून थेट दुसरा टाकला तरी चालतो. प्रत्येक पायरीवर पाय ठेवलाच पाहिजे असं नाही.

ओल्या रस्त्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण आपला प्रवास पावसातला. आजच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. म्हणजे इंजिनाचा ब्रेकही पुढच्याच चाकांना लागतो. वळणाच्या ऐन मध्यावर तुम्ही गिअर खाली टाकला आणि क्लच धाडकन सोडला, तर त्या ओल्या डांबरावर पुढची चाकं क्षणभर पकड सोडतात. पकड सुटली की स्टिअरिंग फिरवून उपयोग नाही, गाडी सरळ जाते. आणि घाटात वळणाच्या सरळ पुढं काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. जीप, जुनी व्हॅन अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत हाच प्रकार मागून होतो, शेपूट बाहेर जातं. एबीएस आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ते ब्रेकच्या दाबाकडं बघतं, तुमच्या क्लचकडं नाही. तेव्हा गिअर वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, रेस देऊन, मऊ हातानं. वळणात शिरताना डावा पाय मोकळा आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर असले पाहिजेत.

इंजिनाचा ब्रेक लावला म्हणजे पायाचा ब्रेक वापरायचाच नाही असंही नाही. दुसऱ्यातही उतार भारी असला तर वेग हळूहळू चढतो. अशा वेळी पाय हलका ठेवून सतत घासत राहू नका. तीस-पस्तीसवर गेली की ठामपणे दाबून वीसवर आणा आणि पाय पूर्ण काढा. परत चढली की परत. दाबा, सोडा. सोडलेल्या वेळात चकत्यांना वारा लागतो. आणि सारखंच दाबावं लागत असेल, तर तुमचा गिअर चुकला आहे. आणखी एक खाली घ्या.

चढावरचं थोडक्यात. समोर एसटी रांगत चालली आहे, तुम्ही तिसऱ्यात, इंजिन गुदमरतंय, खड-खड ठोकतंय, तरी ॲक्सिलरेटर तळाला दाबून धरलाय, हे दृश्य रोजचं. गुदमरायच्या आधी दुसरा टाका. चढावर गिअर बदलताना गाडीचा वेग पटकन पडतो, म्हणून हात चपळ हवा, रेस मात्र थोडीच पुरते. हाफ क्लचवर गाडी लटकवून ठेवू नका, हँडब्रेक ओढा. आणि अरुंद जागी वर येणाऱ्या गाडीला उतरणाऱ्यानं वाट द्यायची, हा आपल्याकडचा नियमच आहे, नुसतं सौजन्य नाही.

ज्यांच्या गाडीत क्लचच नाही, त्यांनीही निवांत बसू नये. ऑटोमॅटिक गाडीला पुढचा उतार दिसत नाही. ती पाय काढला की वरचा गिअर घेऊन मोकळी होते. तुमच्या दांड्यावर 'एम' किंवा 'एल' असं काहीतरी लिहिलेलं असेल, ते कशासाठी आहे हे घाटाआधी पुस्तकात वाचून ठेवा. मुलं पुण्या-बंगळुरूहून नव्या ऑटोमॅटिक गाड्या घेऊन चतुर्थीला येतात आणि सपाट रस्त्यावरच्या सवयीनं चोर्ला उतरतात, आम्हाला त्यांचीच काळजी जास्त आहे.

आता सभेतले दोन प्रश्न.

पहिला प्रश्न एका वहिनींनी चिठ्ठीवर पाठवलाय: ब्रेक लागेनासे झाले तर काय करायचं? न्यूट्रल करायचं नाही, हे पहिलं. पॅडल भरभर चार-पाच वेळा मारा, वाफ झाली असली तरी थोडा दाब परत येऊ शकतो. त्याच वेळी गिअर एक-एक करत खाली. या वेळी गचका बसला तरी बसू दे. हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढा, एकदम ओढला तर मागची चाकं अडकून गाडी फिरते. दिवे लावा, हॉर्न सोडू नका. आणि तरीही थांबत नसली तर दरी सोडून डोंगराची बाजू धरा, गटार, मातीचा ढीग, जे मिळेल त्याला घासत थांबवा. गाडीचा पत्रा दुरुस्त होतो. पण हे सगळं करायची वेळ येऊ नये म्हणून तर सपाटीवरच गिअर टाकायचा.

दुसरा प्रश्न: घाटात मध्येच जळका वास आला तर? पुढचं रुंद ठिकाण बघून थांबा. वळणावर नको, धबधब्याच्या गर्दीतही नको. वीस मिनिटं, अर्धा तास बसा. लहान मुलांना चाकांपासून लांब ठेवा. तापलेल्या चकत्यांवर पाणी ओतू नका, वाकतात, तडकतात. गाडीचं तोंड उताराकडं असेल तर इंजिन बंद करून रिव्हर्स गिअरमध्ये ठेवा, चढाकडं असेल तर पहिल्यात. पुढची चाकं डोंगराच्या बाजूला वळवून ठेवा आणि चाकाखाली चांगला मोठा दगड लावा. निघण्याआधी ब्रेकचं पॅडल दाबून बघा. ते कडक लागलं तरच निघा, मऊ लागलं तर गाडी तिथंच ठेवून मेकॅनिकला बोलवा. आणि निघताना तो दगड उचलून कडेला टाका. तुमच्या मागून धुक्यातून मोटारसायकलवर कुणीतरी येत असतो.

सराव करायचा असेल त्यांच्यासाठी येत्या रविवारी सकाळी साडेसहाला, रहदारी सुरू व्हायच्या आत, शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर आम्ही जमणार आहोत. आपापली गाडी आणा, बूट घालून या. नावं कार्यालयात द्या, म्हणजे चहा किती सांगायचा ते कळेल.